जाऊबाईंची हरकत

मी संशयी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. एकदा दूधवाला स्वतःहून म्हणाला, "आज जरा जास्तच घातलंय." मी ते दूध त्याच्यासमोर गॅसवर चढवलं आणि साय कशी धरते ते बघितलं. साय चांगली आली. तरी फुकट जास्त का घातलं, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. माझे वडील कर्जतच्या शाळेत शिक्षक होते आणि वर्गातल्या प्रत्येक पोराकडे, हा कॉपी करतोय, अशाच नजरेने बघायचे. तेव्हा हे माहेरून आलेलं आहे.

लग्न होऊन मी कोंडाण्याच्या रस्त्यावरच्या गावात आले. नवरा रसायनीला कंपनीत होता, आता निवृत्त झाला आहे. आम्हाला एकच मुलगी. ती पुण्यात एका हॉटेलच्या काउंटरवर उभी राहायची, येईल त्याच्याकडे बघून हसायची, आणि त्यासाठी तिला पगार मिळायचा. एका दिवाळीला ती आली तेव्हा तिचे पाय इतके सुजले होते की तिच्या बापाच्या चपला तिला बसल्या. चार दिवस झोपून काढल्यावर तिने सांगितलं की घराच्या मागे, जुना गोठा आहे तिथे, दोन खोल्या बांधू. लेणी बघायला आणि पावसात धबधब्यांवर माणसं येतात, ती राहतील, आपल्या घरचं जेवतील. दुसऱ्यांच्या हॉटेलात हसण्यापेक्षा आपल्या दारात हसेन, म्हणाली.

नवऱ्याला ते लगेच पटलं. मला नाही पटलं, पण मी गप्प बसले, कारण मला पोरगी घरात हवी होती. ती सकाळी केस विंचरताना गुणगुणते, तेवढं ऐकू आलं तरी मला दिवस बरा जातो. पुण्याच्या मॅनेजरने तिची जागा पावसाळ्यापर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं होतं. ती म्हणाली, "पावसाच्या आत परवानगी आली तर मी इथे. नाही आली तर पुणे." तिने एकदाच सांगितलं आणि परत तो विषय काढला नाही. म्हणूनच मला भीती वाटायची.

अशी परवानगी लागते हे कळलं तेही उशिरा. खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा तिच्या ओळखीचे डोंगर चढणारे लोक काही शनिवारी येऊन राहून गेले. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाऊन खूश झाले, फोटो काढले, गेले. मग एकदा ग्रामसेवकाने नवऱ्याला रस्त्यात थांबवून सांगितलं, की असं चालत नाही, घरात पाहुणे ठेवायचे तर नोंदणी लागते. आमच्या पट्ट्यात फार्महाऊसवाल्यांनी आधीच नाव घालवून ठेवलेलं आहे. शनिवार आला की डोंगराच्या पायथ्याशी असा आवाज लावतात की आमच्या भिंतीवरची भांडी वाजतात. त्यामुळे आता दोन खोल्यावाल्यालाही कागद लागतात आणि ते लागावेतच, असं माझं मत आहे.

माझा प्रश्न वेगळा होता. ग्रामसेवकाला सांगितलं कोणी?

आमच्या मागच्या अंगणात काय चाललंय ते गावात एकाच घरातून दिसतं. ते घर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. दोघा भावांची घरं पाठीला पाठ करून आहेत, मध्ये आमचं मागचं अंगण. थोरले दीर वारले, मुलं पनवेलला राहतात, जाऊबाई एकट्या असतात. सत्तरी ओलांडली तरी ताठ आहेत. दिवसभर मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडायचे, वाल सोलायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं. आमच्या खोल्यांची भिंत उठली तशी त्यांच्या पडवीसमोरची मोकळी जागा झाकली गेली. आधी त्यांना आमचं मागचं दार, तुळस, मुलीच्या खोलीची खिडकी, सगळं दिसायचं. आता समोर सिमेंटची भिंत आली. मला वाटलं होतं, बोलतील, भांडतील. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मी निर्धास्त झाले असते. गप्प बसणाऱ्या माणसाचं मला काही कळत नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि पडवीच्या पार टोकाला, जिथे दुपारचं ऊन येतं तिथे नेऊन ठेवली. त्या टोकावरून भिंतीच्या कडेने आमचं मागचं दार दिसतं. आमच्याकडे पाहुणे असले की त्यांच्या पडवीतला दिवा पहाटेपर्यंत चालू. मी नवऱ्याला म्हटलं, "पहारा चाललाय. कोण आलं, कोण गेलं, सगळं वर पोचतंय." नवरा म्हणाला, "तिला झोप येत नाय, म्हातारी हाय." आपल्या माणसांबद्दल त्याला कधी शंका येत नाही. तेवढी सगळी मलाच घ्यावी लागते.

मग कागदांची वारेमाप धावपळ सुरू झाली. सातबारा, घरपट्टीची पावती, पंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. चारित्र्याचा दाखला नवऱ्याच्या फार मनाला लागला. आयुष्यभर एकाच कंपनीत एकाच गेटने गेलेला माणूस, म्हणाला, आता या वयात मी कसा आहे ते दुसऱ्याने लिहून द्यायचं. कर्जतला तालुक्याच्या ऑफिसबाहेर एकाने गाठलं, खिशाला पेन, हातात फाइल, म्हणाला, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी माझ्यावर सोडा. मी नवऱ्याला दंडाला धरून रिक्षात बसवलं. पाहुण्यांचं आधार कार्ड बघून नोंद करायची अट कळली तेव्हा नवरा हबकलाच. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं की कार्ड मागायचं, असं त्याचं म्हणणं. मला ती अट सगळ्यात आवडली. सरकारमध्ये कोणीतरी माझ्यासारखं आहे, असं वाटलं.

मुलगी मात्र माझ्यावर हसायची. आळीतून एखादी गाडी सावकाश गेली तरी मी उठून बघते. ती म्हणायची, "आई, रस्ता शोधतायत ते." तिला काय माहीत. त्याच सुमारास नातेवाइकांनी तिच्यासाठी स्थळं सुचवायचा सपाटा लावला होता आणि ती प्रत्येकाला नको म्हणत होती. आमच्याकडे मुलीची चौकशी कोणी तिच्या दारात येऊन करत नाही. आधी दोन माणसं गावात येतात, मुलीच्या शेजाऱ्यांकडे पाणी मागतात, काहीतरी निमित्त काढतात आणि गप्पांच्या ओघात सगळं विचारून घेतात. घरात माणसं किती, पोरगी कशी, येणंजाणं कोणाचं. माझ्या वेळी कर्जतला आमच्या शेजारी अशीच दोन माणसं रिकामी खोली आहे का विचारत आली होती. त्या शेजारणीचं आणि माझ्या आईचं नळावरून बोलणं बंद होतं. तरी तिने सांगितलं, की पोरीच्या तोंडातून मोठा आवाज कधी ऐकला नाही. माझ्या तोंडातून! पण अशा वेळी शेजाऱ्याने असंच सांगायचं असतं. भांडण आपल्या जागी आणि पोरगी आपल्या जागी.

सगळे कागद दिल्यावर ऑफिसातून सांगितलं की आता पाहणी होईल. कोणीतरी येऊन खोल्या बघेल, संडास-बाथरूम बघेल, शेजारीपाजारी विचारेल. कधी येणार ते सांगितलं नाही. मी रोज अंगण झाडून, चादरी ताणून बसायचे. मग लक्षात आलं की आग विझवायचा लाल सिलिंडर घ्यायचा राहिलाय. आम्ही तिघंही तो आणायला कर्जतला गेलो. परत आलो तर जाऊबाई पडवीत बसलेल्या, अंगावर इस्त्रीचं पातळ, केस नीट बांधलेले. कठड्यावर दोन स्टीलचे पेले धुऊन पालथे घातलेले. त्यांनी विचारलं, कुठं गेलता. मी म्हटलं, कामाला. त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्यांचं ते हसणं मला अजिबात आवडलं नाही, पण पेल्यांचं मी विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो.

पुढे काहीच हालचाल नाही म्हणून नवरा ऑफिसात जाऊन आला. आला तो पायरीवरच बसला. तिथल्या साहेबाने सांगितलं होतं, की पाहणी झाली. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की या घरात बाहेरचं माणूस कधीच मुक्कामाला नसतं आणि मागच्या खोल्यांत भात भरून ठेवतात. मग पर्यटकांच्या खोल्या म्हणून नोंदणी कशाची करायची? अर्ज थांबवलाय.

"बघितलंस?" मी म्हटलं. माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर होता, तो मलाच ऐकू आला. भिंतीचा सूड बाईने काय बेताने घेतला. भांडण नाही, तंटा नाही, एक वाक्य बोलून मोकळी. मुलगी म्हणाली, "आई, जाऊन विचार तरी." मी म्हटलं, विचारून काय होणार, ती नाही म्हणणार. मी जाऊबाईंकडे बघणं बंद केलं. त्यांनी शेवग्याच्या शेंगा पाठवल्या, त्या तशाच परत पाठवल्या.

ढग जमायला लागले. पुण्याहून फोन आला. मॅनेजरने सांगितलं, सोमवारी ये, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. मुलीने कपाटावरची बॅग खाली काढली, तिच्यातली धूळ झटकली आणि कपडे भरायला घेतले. ती चिडलेली नव्हती. ती गुणगुणतही नव्हती. मी दारात उभी राहून बघत होते आणि ती एकाच टॉपची पुन्हा पुन्हा घडी करत होती. मग मी तशीच, ओल्या हातांनी, जाऊबाईंच्या पडवीत गेले. काय काय बोलायचं ते मनात अगदी रचून ठेवलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्यांचं काय झालं गं? काय कळवलं का?"

मी म्हटलं, "कोणाचं?"

"मला नको शिकवू. ते गाडीतनं आले व्हते ते. पानी मागाया आले, तवाच मी वळखलं. तुमी मुद्दामच घराला कुलूप लावून गेलता का?" त्या सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी थोरली हाय. पोरीचं ठरवताय आन मला सांगितलं नाय. तरी मी काय वंगाळ नाय बोलले. विचार त्यांना. म्हटलं, परका मानूस त्या घरात पाय ठेवत नाय. मागच्या खोल्या कशाला इचारलं, तर म्हटलं, भात ठेवतात. पोरगी कवा शहरात नोकरीला गेली नाय, म्हटलं. शेंगा बी परत धाडल्यास तू."

मी खाली बसले. मी विचारलं, "ताई, ते कुठून आलोय असं म्हणाले का?"

"म्हनाले की. सरकारी ऑफिसातनं आलोय. म्हटलं, चांगलं हाय, पोरगा सरकारी नोकरीत हाय."

मला हसू फुटलं आणि हसता हसता मी रडायला लागले. जाऊबाईंना वाटलं, स्थळ मोडलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, जाऊ दे, दुसरं येईल. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दोन माणसं कशासाठी आली होती, परवाना म्हणजे काय, त्यांच्या एका चांगल्या शब्दाने अर्ज कसा अडला. सांगून झाल्यावर वाटलं, आता त्या वरमतील. त्या उलट ताठ झाल्या.

त्यांना ते साफ नामंजूर होतं. परके पुरुष या घरात राहायला येतात, हे त्यांनी आपल्या तोंडाने सांगायचं आणि सरकारने ते लिहून घ्यायचं? उद्या खरोखर कोणी पोरीची चौकशी करायला आलं तर? लग्नाच्या पोरीबद्दल असं बोललेलं परत घेता येतं का? आपण मेल्यावरही ते तसंच लिहिलेलं राहील, म्हणाल्या. मी खूप बोलले, पण त्या हलेनात. माझा राग परत वर यायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला चुकीचंही वाटत नव्हतं.

शेवटी मुलगी आली. ती त्यांना मोठी आई म्हणते. ती त्यांच्या पायाशी बसली, सूप मांडीवर घेतलं आणि तांदळातले खडे काढत म्हणाली, "मोठी आई, मला विचारायला कोणी आलं तर खरं सांग. पुण्याला होते ते सांग. घरात पाहुणे येतात ते सांग. ज्याला चालेल तो येईल."

जाऊबाईंनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. "नीट निवडता येत नाय तुला," एवढंच म्हणाल्या.

नवऱ्याने ऑफिसात पुन्हा अर्ज दिला, झालेला घोटाळा सांगितला. तिथले लोक हसले म्हणे, पण पाहणी परत करू म्हणाले. मुलीने मॅनेजरकडून आठवडाभर मागून घेतला. बॅग भरलेलीच होती, पलंगाखाली. त्या आठवड्यात कोणी घरातून हललं नाही. मी जाऊबाईंना एकदा आडून विचारलं, काय सांगणार. त्या म्हणाल्या, येऊ देत तर खरं. मला पुन्हा शंका. या बाईच्या मनात काहीतरी आहे आणि ते आपल्याला कळणार नाही, असं वाटत राहिलं.

तेच दोघं आले. एक साहेब आणि एक त्याच्याबरोबरचा कारकून. खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला, लाल सिलिंडरवरची तारीख वाचली, कारकुनाने भिंतीवर टकटक करून बघितलं. मग साहेब म्हणाले, शेजाऱ्यांशी बोलू. आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग गेलो. त्यांनी मला सांगितलं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. माझ्याकडे बघून लोकांना ते लगेच सुचतं.

जाऊबाई त्यांच्या टोकाच्या खुर्चीत होत्या. या वेळी पाणी दिलं नाही. हात पुढे करून म्हणाल्या, "आधी कार्ड दाखवा." साहेबांनी गळ्यातलं कार्ड काढून दिलं. ते त्यांनी माझ्या मुलीला मोठ्याने वाचायला लावलं, मग परत केलं. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

साहेबांनी विचारलं, "मावशी, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं. यांच्याकडे बाहेरची माणसं राहायला येतात का?"

"येतात," जाऊबाई म्हणाल्या.

"रात्रीची राहतात?"

"राहतात."

"मग तुमची काही हरकत?"

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मी मुलीकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती. नवरा कठड्याला धरून उभा होता. मला वाटलं, आता ही भिंतीचं काढणार. इतके दिवस पोटात ठेवलेलं आज सरकारसमोर बाहेर पडणार.

"हरकत व्हती," जाऊबाई म्हणाल्या. "ही भिंत उठली न् मला पोरीची खिडकी दिसायची बंद झाली. कोन कुठली मानसं येऊन राहतात, आन पोरगी एकटी त्या खोलीत झोपते. तिचा बाप तर घोरतो, त्याला उचलून नेला तरी कळायचा नाय. मंग मी खुर्ची हिकडं आनली. हितनं दिसते खिडकी. त्यांच्याकडं मानसं असली की मी बसते दिवा लावून. आता काय हरकत नाय."

साहेब लिहिता लिहिता थांबले. मग त्यांनी विचारलं, यातलं लिहू काय मावशी. त्या म्हणाल्या, शेवटचं तेवढं लिवा.

त्यांनी तेवढंच लिहिलं. ते गेल्यावर मुलीने पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि कपडे कपाटात लावायला घेतले. मी जाऊबाईंच्या पडवीतच बसून राहिले. मी त्यांना विचारलं, की मग ग्रामसेवकाला सांगितलं तरी कोणी. त्यांनाही ते माहीत नव्हतं. माझा संशय आता दूधवाल्यावर आहे.

नोंदणीचा कागद आला आणि पहिल्या पावसाळी शनिवारी आमच्याकडे दोन्ही खोल्या भरल्या होत्या. नवऱ्याने सगळ्यांना आधी पाणी दिलं, मग मी आधार कार्डं मागितली. जेवणं आटोपल्यावर मी आमच्या घरातली एक खुर्ची उचलली आणि पडवीच्या त्या टोकाला त्यांच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली. जाऊबाईंनी विचारलं नाही कशाला. थोडी सरकून जागा दिली.